अल्बिनिझम असलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांचं ऑपरेशन : आत्ता करावं की थांबावं?

मधुरा_मुलुंड
नमस्कार मंडळी. आमच्या मुलाला जन्मापासून अल्बिनिझम आहे, म्हणजे अंगात रंग फार कमी बनतो. केस फिकट सोनेरी, त्वचा गोरीपान, डोळे निळसर करडे. तो तीन महिन्यांचा असताना त्याचे डोळे सारखे आडवे हलतात हे माझ्या आईच्या लक्षात आलं आणि तिथून निदान झालं. वर्षाचा झाला तेव्हापासून चष्मा आहे. नंबर प्लसमध्ये, शिवाय सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर) बराच. चष्म्यासकट दोन्ही डोळ्यांनी मिळून चित्रांच्या तक्त्यावर ६/३६ पर्यंत ओळखतो, म्हणजे इतरांना ३६ मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून.

आता चार वर्षांचा होतोय. गेल्या काही महिन्यांपासून टीव्ही बघताना मान उजवीकडे वळवून डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून बघतो. एका डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या स्नायूंचं ऑपरेशन केलं की मान सरळ होईल. मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घ्या, म्हणजे जूनमध्ये शाळेला मोकळा. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, एवढी घाई नको, अजून थोडा मोठा होऊ दे. सासूबाईंना वाटतंय ऑपरेशन झालं की डोळे पूर्ण बरे होतील आणि चष्मा जाईल. नवऱ्याला भुलेचीच भीती वाटते. आणि मला, आपण हे नक्की कशासाठी करणार आहोत, तेच नीट उमगत नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

दादरचा_अजय
डोळे हलतात म्हणून ऑपरेशन, की तिरळेपणासाठी? दोन्हींचा हेतू वेगळा असतो म्हणून विचारतोय.

मधुरा_मुलुंड
अजय, दमला की उजवा डोळा थोडा आत जातो. पण डॉक्टरांचा भर मान सरळ करण्यावर होता.

चष्मेवाली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लहान मुलंच जास्त तपासते. करा किंवा करू नका हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण तुमचा "कशासाठी" हा प्रश्न अगदी योग्य जागी आहे, म्हणून जरा लांबण लावते.

अल्बिनिझममध्ये दृष्टी कमी असते त्याचं मुख्य कारण डोळ्याच्या मागच्या पडद्यात असतं. पडद्याच्या मधोमध बारीक बघण्यासाठी जी जागा असते, तिला फोव्हिया म्हणतात, ती गर्भातच पूर्ण घडत नाही. शिवाय डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांपैकी नेहमीपेक्षा जास्त धागे विरुद्ध बाजूला जातात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवून खोली समजणं अवघड जातं. या दोन्हींवर आज कुठलंही ऑपरेशन नाही. चष्माही फक्त नंबरापुरतं काम करतो. म्हणून सासूबाईंना आधीच समजावून सांगा, नाहीतर ऑपरेशन उत्तम झालं तरी घरात "मग उपयोग काय झाला" हा सूर लागेल.

आता मान. डोळे हलण्याला निस्टॅगमस म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये नजरेची एक दिशा अशी असते की तिथे डोळे सगळ्यात कमी हलतात. तुमच्या मुलाची ती दिशा डावीकडे दिसतेय, म्हणून तो मान उजवीकडे फिरवून समोरचं बघतो. ही खोड नाही, त्याने स्वतः शोधलेला उपाय आहे. कृपया "मान सरळ कर" असं सारखं टोकू नका. तसं केलं की त्याला उलट कमी दिसतं.

ऑपरेशनमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून चार आडवे स्नायू सरकवतात आणि ती शांत दिशा समोर आणतात. अँडरसन आणि केस्टनबॉम यांनी १९५३ मध्ये वेगवेगळे मांडलेले हे तंत्र, थोडे बदल होऊन आजही करतात. मान बऱ्यापैकी सरळ होते. काही मुलांना थोडं जास्त स्थिर दिसायला लागतं, पण तक्त्यावरच्या ओळी भराभर वाढतील अशी अपेक्षा ठेवू नये. डोळे हलणं पूर्ण थांबतही नाही.

ठरवण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. एक, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून नंबर पुन्हा काढला आहे का? चष्मा नीट नसेल तर मानेची स्थितीही बदलते. दुसरी जास्त महत्त्वाची : मान नेहमी एकाच बाजूला असते का? अल्बिनिझमच्या काही मुलांत ही शांत दिशा दर काही मिनिटांनी बदलते. थोडा वेळ उजवीकडे, मग सरळ, मग डावीकडे. अशा मुलाचं एका बाजूचं ऑपरेशन केलं तर मान दुसरीकडे वळून बसते. दवाखान्यात दोन मिनिटं बघून हे कळत नाही. निवांत बसून बघावं लागतं, किंवा घरचे व्हिडिओ दाखवावे लागतात.

सुनीता_बोरिवली
चष्मेवाली यांनी फार छान लिहिलंय. आम्ही हे ऑपरेशन केलं आहे, मुलगी सहा वर्षांची असताना.

तिची मान इतकी वळायची की दप्तराच्या पट्ट्यापाशी खांद्याला रग लागायची, रात्री मान दुखते म्हणून रडायची. वहीत लिहिताना सगळं अंग पिळून बसायची. आम्ही आणि डॉक्टरांनी मिळून बराच काळ मानेचा कोन नोंदवला, चष्म्यावर प्रिझम (समोरचं चित्र बाजूला सरकवणाऱ्या काचा) लावूनही बघितले. प्रिझमने मान सरळ येते का, हे आधी पाहता येतं. प्रत्येक वेळी बाजू तीच आणि कोन साधारण तोच, तेव्हा मग तारीख घेतली.

दिवस असा गेला. आदल्या रात्रीनंतर खायचं काही नाही, सकाळी सहाला बोरिवलीहून निघालो. पूर्ण भूल. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं की डोळ्याचा स्नायू ओढला की हृदयाचे ठोके क्षणभर मंदावू शकतात, आम्ही त्यासाठी तयार असतो. बाहेर बसून तो विचार छळत होता, पण आधी सांगितल्यामुळे विश्वासही वाटला. शुद्धीवर आल्यावर तिला खूप उलट्या झाल्या. या ऑपरेशननंतर मुलांना उलट्या होतात, म्हणून टॉवेल आणि जास्तीचे कपडे घेऊन जा. डोळे लालभडक होते, काही आठवडे लाली राहिली. टाके आपोआप विरघळले. सुरुवातीचे काही दिवस एकाच्या दोन वस्तू दिसतात म्हणायची, ते नंतर गेलं. पोहणं बंद, डोळे चोळणं बंद (हे आईने कसं थांबवायचं ते कुणी मला शिकवलं नाही).

आज मान जवळजवळ सरळ आहे. मानेचं दुखणं गेलं, लिहिताना सरळ बसते. नजर होती तेवढीच आहे, पहिल्या बाकावरून फळा तेव्हाही पुसट होता, आताही आहे. तरी मी पुन्हा हाच निर्णय घेईन. आम्हाला मानेसाठी करायचं होतं आणि ते काम झालं.

आबा_गिरगाव
मधुराताई, ऑपरेशनाआधी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे, गाजर, गाईचे तूप, पहाटे हिरवळीवर अनवाणी चालणे, असे उपाय करून पाहावेत. माझा नंबर उतरला होता.

चष्मेवाली
आबा, तुमचा हेतू चांगला आहे. पण हा जन्मजात जनुकांतला बदल आहे, रंगद्रव्य तयारच होत नाही किंवा फार कमी होतं. गाजर, तूप खाऊ द्या, त्याने कुणाचं नुकसान नाही. चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात घरगुती पाणी मात्र घालू नका, संसर्ग झाला तर आहे तीही नजर धोक्यात येईल. आणि याच्या डोळ्यांना पहाटे नाही, दुपारी हिरवळीवर त्रास होतो, उजेडाचा.

आबा_गिरगाव
बरं बाई, डोळ्यात नाही घालत. तूप तेवढं पोटात राहू द्या.

फिकट_केसांचा
मी अल्बिनिझमसह जगतो. वय ३४, बँकेत नोकरी, राहतो कांजूरमार्गला. माझं ऑपरेशन झालेलं नाही आणि माझीही मान वळते, फक्त डावीकडे. मोठं माणूस यातलं काय म्हणतं ते बघा, म्हणून लिहितो.

वयाबरोबर डोळ्यांची थरथर थोडी शांत झाली. ती अगदी लहानपणापासूनची असल्यामुळे आपलं आपल्याला जाणवतही नाही, जग हलताना दिसत नाही. घाबरलो, चिडलो, ताप आला, किंवा कुणी "डोळे का हलतात?" म्हणून टक लावून बघितलं की वाढते. लहानपणी मला सगळ्यात जास्त फरक पडला तो तीन गोष्टींनी : नंबर बरोबर असलेला चष्मा, हातात धरायचं छोटं दुर्बीणभिंग आणि पुढच्या बाकाची जागा. त्या भिंगाने फळा, आणि पुढे रेल्वेच्या इंडिकेटरवरच्या वेळा मी स्वतः वाचायला लागलो. दादरला पुलावर थांबून भिंग डोळ्याला लावलं की लोक मला शूटिंगवाला समजतात.

म्हणून विनंती, ऑपरेशनच्या चर्चेत लो व्हिजन क्लिनिक (आहे त्या नजरेत कामं करायला साधनं आणि सल्ला देणारं) मागे पडू देऊ नका. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये चौकशी करा, आणि झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांचं केंद्रही आहे. तिथे जायला पूर्ण आंधळं असावं लागत नाही.

रेश्मा_लोअरपरळ
अवांतर : बसचा नंबर वाचायला काय करता? माझ्या भाच्यालाही कमी दिसतं, त्याची शेअर टॅक्सीत बसायची वेळ येते.

फिकट_केसांचा
रेश्मा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून. बस लांब असतानाच फोटो काढायचा आणि मग तो मोठा करून वाचायचा. मेट्रोत घोषणा होतात त्यामुळे ती सगळ्यात सोपी.

दादरचा_अजय
एक प्रामाणिक मत, कुणाला आवडणार नाही कदाचित. मान तिरकी आहे म्हणून भूल देऊन ऑपरेशन, हे मूल चांगलं दिसावं म्हणूनच नाही का? तो स्वतः ठरवण्याएवढा मोठा होईपर्यंत थांबलं तर काय बिघडेल?

सुनीता_बोरिवली
अजय, माझ्या मुलीची मान दुखत होती. त्यात दिसण्याचा प्रश्न कुठे आला?

फिकट_केसांचा
मला दोघांचंही पटतं. दुखत असेल, अंग पिळून बसावं लागत असेल तर तिला अठराव्या वर्षापर्यंत थांबवणं योग्य नाही. पण तिरकी मान "बरी दिसत नाही", लग्नात फोटो वाईट येतो, एवढ्यासाठी करू नका. माझ्या बाबतीत नातेवाइकांचं कारण तेच होतं आणि आई ठाम राहिली. शाळेत चिडवतात हेही खरं कारण असू शकतं, ते हलकं समजू नका. फक्त मुलाला विचारा. चार वर्षांच्यालाही विचारता येतं, "मान दुखते का रे?"

भूलतज्ज्ञ_ठाणे
वाचते नेहमी, लिहिते क्वचित. एक मुद्दा इथे अजून आला नाही, आणि ऑपरेशनच्या आधी तो विचारलाच पाहिजे.

अल्बिनिझमचे बरेच प्रकार आहेत. त्यातला एक दुर्मीळ प्रकार, हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोम, यात रक्तातल्या प्लेटलेट्स नीट काम करत नाहीत. गोम अशी की प्लेटलेट्सची संख्या नॉर्मल येते. नेहमीच्या रक्ततपासणीत सगळं ठीक दिसतं आणि कापल्यावर रक्त थांबत नाही. प्लेटलेट्स काम कसं करतात त्याची वेगळी तपासणी करावी लागते. मुलाला थोडंसं आपटलं तरी मोठे काळेनिळे डाग पडतात का, नाकातून वारंवार रक्त येतं का, दात पडल्यावर रक्त थांबायला वेळ लागला का, घरात कुणाला असा त्रास आहे का, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा. तसा त्रास असेल तर आधी रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. बहुतेक मुलांत काही निघत नाही. तरी विचारून घ्या. आणि वडिलांना सांगा, भुलेबद्दल त्यांच्या मनात जे काही आहे ते लिहून आणा, आम्ही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतो.

मधुरा_मुलुंड
हे आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं! त्याच्या नडगीवर डाग असतात, पण तो दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो. तरी नोंद करून ठेवते. खूप खूप आभार.

बालवाडी_बाई
मी शिक्षिका आहे. अशी दोन मुलं माझ्या वर्गात होती. पालक फक्त "पहिल्या बाकावर बसवा" सांगतात. नुसतं पहिलं बाक पुरत नाही, बाजूही महत्त्वाची असते. तुमच्या मुलाची नजर डावीकडे शांत होते, म्हणजे फळा त्याच्या डावीकडे यायला हवा. फळ्याकडे तोंड केल्यावर वर्गाच्या उजव्या भागात जागा द्या, मान न वळवता त्याला फळा दिसेल. खिडकीकडे तोंड मुळीच नको, पाठ असू दे. वाचायला उतरतं मेज किंवा पुस्तकाखाली उशी, म्हणजे कमरेत वाकून बसत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, टॅबवर मोठी करून वाचता येतात. मैदानाच्या तासाला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, गणवेशाच्या नियमातून सूट आधीच लेखी घ्या.

आणखी एक. १३ जून हा अल्बिनिझम जागृती दिन, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला, २०१५ पासून पाळतात. आपल्या शाळा साधारण त्याच आठवड्यात उघडतात. मी पहिल्याच दिवसांत वर्गाला सांगून टाकते : हे कोड नाही, लागण होत नाही, त्याच्या अंगात रंग कमी बनतो म्हणून ऊन लवकर लागतं आणि डोळे हलतात. लहान मुलांना कारण कळलं की पुढच्या मिनिटाला ती डबा कुणाचा काय आहे यावर येतात.

नेहा_विक्रोळी
विषयाला थोडं सोडून विचारते. दुसऱ्या मुलाचा विचार करत असाल तर परत असंच होईल का? माझ्या बहिणीच्या घरी तिच्यावर "ग्रहणात बाहेर पडली असशील" म्हणून ठपका ठेवलाय.

भूलतज्ज्ञ_ठाणे
ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही, बहिणीला हे ठणकावून सांगा. त्वचा, केस आणि डोळे तिन्हींवर परिणाम करणाऱ्या प्रकारात आई आणि वडील दोघांकडूनही एकेक बदललेलं जनुक येतं. दोघेही स्वतः अगदी नेहमीच्या रंगाचे असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के, मुलगा असो वा मुलगी. फक्त डोळ्यांपुरता असलेला एक प्रकार वेगळा, तो आईकडून येतो आणि मुख्यतः मुलग्यांत दिसतो. कुठला प्रकार ते जनुकीय तपासणीने कळतं. जनुक समुपदेशकाला एकदा भेटणं चांगलं. आणि दोष कुणाचाच नाही, ना आईचा, ना वडिलांचा.

दादरचा_अजय
प्रमाणपत्राचं कुणी लिहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे : चांगल्या डोळ्याने, उत्तम चष्मा लावूनही ६/१८ पेक्षा कमी, ते ३/६० पर्यंत. ६/३६ त्यात बसतं. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करून ठेवा, पुढे परीक्षेत जादा वेळ मिळायला लागतं. आणि वर मी विरोध केला होता म्हणून सांगतो, सुनीताताईंचं आणि फिकट_केसांचा यांचं वाचून मत बदललं आहे. दुखणं असेल तर करावं.

सुनीता_बोरिवली
विमा असेल तर आधीच लेखी विचारून घ्या. काही कंपन्या डोळ्यांच्या स्नायूंचं ऑपरेशन सौंदर्यासाठीचं म्हणून नाकारतात. मानेच्या त्रासासाठी आहे असं डॉक्टरांचं पत्र जोडा.

मधुरा_मुलुंड
मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय, पण सांगण्यासारखं आहे.

चष्मेवाली यांनी लिहिल्याप्रमाणे आम्ही व्हिडिओ काढले. टीव्हीच्या बाजूला मोबाइल उभा करून ठेवायचा आणि त्याला कळू द्यायचं नाही. पहिला बघितला आणि मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. सुरुवातीला मान उजवीकडे. कार्टून चालूच, मग हळूहळू सरळ. आणि मग चक्क डावीकडे! थोड्या वेळाने परत उजवीकडे. जेवतानाही तसंच. आम्हाला आजवर फक्त उजवीकडचीच लक्षात आली होती, कारण सोफ्यावर तो नेहमी त्याच टोकाला बसतो आणि आम्ही दुसऱ्या.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्याला खेळणं देऊन बराच वेळ बसवलं, स्वतः समोर बसून बघत राहिल्या, आणि म्हणाल्या की शांत दिशा खरोखरच आळीपाळीने बदलते. अशा वेळी एका बाजूला सरकवायचं ऑपरेशन करत नाहीत. पुढे गरज पडलीच तर चारही आडवे स्नायू मागे नेण्याचं वेगळं ऑपरेशन असतं, पण आत्ता त्याला त्रास नाही. मी विचारलं त्याला, "मान दुखते का?" तर म्हणाला, "नाही, टीव्ही दुखतो." म्हणजे उजेड!

तर यंदाच्या मे महिन्यात ऑपरेशन नाही. थेंब घालून नंबर पुन्हा काढला, सिलिंडर बदलला आहे. उन्हात गडद होणाऱ्या काचा घेतल्या. तिरळेपणाकडे लक्ष ठेवायचं, काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. डाग सांगितले, त्यांनी रक्तविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे, ऑपरेशन असो वा नसो. सासूबाईंना डॉक्टरांनी स्वतः पडद्याचं चित्र काढून समजावलं. त्या थोड्या हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "मग त्याची पुस्तकं मोठ्या अक्षरांची आणायची ना?" त्या कामाला लागल्यात.

एकच विचारायचंय : पुढच्या भेटीपर्यंत व्हिडिओ कसे काढत राहू? रोज?

बालवाडी_बाई
मधुराताई, मग बाजूचा माझा सल्ला तुमच्यासाठी बाद. मधोमध, फळ्यासमोर, आणि अंग दोन्हीकडे वळवायला मोकळी जागा.

चष्मेवाली
रोज नको, वेडी व्हाल. महिन्यातून दोन-तीन वेळा पुरे, पण प्रत्येक व्हिडिओ दहा मिनिटांचा तरी सलग असू दे, कारण एक फेरा पूर्ण व्हायला काही मिनिटं जातात. चष्मा लावलेला, खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर, सोफ्याचं टोक नको. एकदा लांबचं बघताना, एकदा चित्राचं पुस्तक जवळ घेऊन, कारण जवळ बघताना थरथर बऱ्याचदा कमी होते. ताजातवाना असतानाचा एक आणि संध्याकाळी दमलेला असतानाचा एक. फाइलच्या नावात तारीख आणि "दमलेला" की "ताजा" तेवढं लिहा. आणि पुढच्या तपासणीत दोन्ही डोळे उघडे ठेवून मिळणारी नजरही लिहून घ्यायला सांगा. या मुलांचा एक डोळा झाकला की थरथर वाढते आणि आकडा उगाच कमी येतो. शाळेला द्यायच्या पत्रात दोन्ही डोळ्यांचा आकडा हवा, तो खरा त्याच्या वापराचा.